बाहेरचं ज्ञान मराठवाड्यात रुजतं का? जालन्याहून आलेल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जालन्यात तुमची वर्कशॉप आहे, सळई काढणाऱ्या रोलिंग मिलला लागणारे सुटे भाग तुम्ही करता. तुमच्या उद्योजक मित्रांच्या गटाचं म्हणणं पडलं की नुसत्या सळईवर विसंबून चालणार नाही, काहीतरी नवं उभं केलं पाहिजे. कुणी सेमीकंडक्टर म्हणतं, कुणी ईव्ही, कुणी संरक्षण साहित्य. वर्गणीतून जमलेला पैसा मोजकाच आहे. तो परदेशी कंपनीशी करार करण्यात घालायचा, बाहेरचा सल्लागार नेमण्यात, की आपली पोरं बाहेर शिकायला पाठवण्यात, हे तुम्ही विचारलंय. आणि शेवटी एक ओळ लिहिलीय: "मराठवाड्यासारख्या भागात बाहेरचं ज्ञान खरंच रुजतं का, की आपण नुसते कामगारच पुरवत राहणार?"

मी संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत आधी अॅल्युमिनियम डाय-कास्टिंगच्या (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून भाग बनवण्याच्या) शॉपमध्ये आणि नंतर व्हेंडर डेव्हलपमेंटमध्ये (पुरवठादार घडवण्याच्या कामात) काम केलं. अलीकडे मराठवाड्यातल्या छोट्या उद्योगांच्या गटांना हवं ते तंत्र कुठून मिळेल, हे शोधून देतो. त्या अनुभवावरून सांगतो: रुजतं. याच मातीत ते अनेकदा रुजलंय. पण "कोणता उद्योग आणायचा" या प्रश्नापासून सुरुवात केली की बहुतेक वेळा पैसा वाया जातो. खरा प्रश्न असा आहे की आपल्याला आज जे येतं त्याच्या लगतच्या कामात उतरायला नेमकं काय अडतं, ते कोणाकडे आहे, आणि ते आल्यावर इथे कोण धरून ठेवणार.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमच्या गटातल्या किती जणांना दोन-तीन वर्षं परताव्याशिवाय काढता येतील, हे मला माहीत नाही. गिऱ्हाईक समोर दिसत असेल तर एक रस्ता असतो, गिऱ्हाईक शोधायचं असेल तर दुसरा. पाणीही बघावं लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पाणीखाऊ उद्योगाबद्दल वेगळं सांगायला नको. आणि घरातली पुढची पिढी या धंद्यात राहणार आहे की पुण्याला जाणार, यावरही बरंच ठरतं. तेव्हा मी जे लिहितोय ते तुमच्या हिशेबाला लावून पाहा.

लगतचं काम म्हणजे काय

अर्थशास्त्रज्ञांनी या विषयावर बराच अभ्यास केलाय. २००७ साली सीझर हिडाल्गो, रिकार्डो हाउसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशोदेशींच्या निर्यातीच्या आकडेवारीवरून दाखवलं की देश सहसा आज करत असलेल्या वस्तूंच्या जवळच्या वस्तूंकडे सरकतात, लांब उडी क्वचितच मारतात. पुढे पिएर-अलेक्झांडर बॅलँड आणि रॉन बॉश्मा यांनी युरोपातल्या प्रदेशांबद्दल याच्याशी जोडलेली एक गोष्ट मांडली: बाहेरच्या प्रदेशांशी नुसते संबंध वाढवून भागत नाही. आपल्याकडे जे कमी आहे ते ज्याच्याकडे आहे, त्याच्याशी संबंध जुळले तर नव्या क्षेत्रात उतरण्याची शक्यता वाढते. म्हणजे पूरक जोडीदार हवा. आपल्यासारखाच जोडीदार शोधला तर चहापाणी होतं, हाती काही लागत नाही. आणि फारच वेगळा शोधला तर त्याचं बोलणं आपल्या शॉपमध्ये कुणाला कळत नाही.

वाळूजचा इतिहास हेच सांगतो. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना तिथे सुरू झाला. त्याच्या मागोमाग पुण्याकडचे पुरवठादार आले, काही जण इथेच उभे राहिले. एन्ड्युरन्स ही कंपनी त्याच वर्षी अॅल्युमिनियम कास्टिंगमध्ये उतरली, व्हॅरॉक काही वर्षांनी प्लास्टिकच्या भागांपासून सुरू झाली. पुढे एन्ड्युरन्सने इटली आणि जर्मनीतल्या कंपन्या घेतल्या, आणि २०१२ मध्ये व्हॅरॉकने व्हिस्टिऑन या अमेरिकन कंपनीचा वाहनांच्या दिव्यांचा व्यवसाय विकत घेतला. दशकानंतर तो व्यवसाय त्यांनी विकलाही. मुद्दा हा की बाहेरचं ज्ञान विकत घ्यायची ताकद यायला आधी अनेक वर्षं स्वतःच्या हाताने कास्टिंग आणि मोल्डिंग करावं लागलं. वाळूजने दुचाकीच्या भागांपासून चारचाकीच्या भागांपर्यंत, तिथून इंजिन आणि रेल्वेच्या बोगीपर्यंत मजल मारली, ती एकेक पायरी चढत. शेंद्र्यात स्कोडाने २००१ मध्ये मोटारींची जुळणी सुरू केली आणि २०१५ मध्ये पर्किन्सचा डिझेल इंजिनचा कारखाना आला, तेव्हा धातूचं काम जाणणारी माणसं इथे तयार होती.

ज्ञान कशात असतं: दोन उदाहरणं जवळून

परदेशी करार करायला निघालेले लोक बहुतेक वेळा ड्रॉइंग आणि मशीन विकत घेतात. आमच्या शॉपमधलं एक उदाहरण देतो. एका पंपाचं अॅल्युमिनियमचं हाउसिंग होतं. डाय, म्हणजे साचा, चांगल्या टूलरूममधून बनवून आलेला, मशीन नवं, पॅरामीटरचा तक्ता डायसोबत आलेला. तरीही लीक टेस्टला नग पडायचे. कापून पाहिलं की आत ब्लो-होल, म्हणजे अडकलेल्या हवेची भोकं. तक्त्यात काही चूक सापडेना. शेवटी चाकणकडच्या एका निवृत्त सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कारागिराला, आम्ही बोलावलं. पहिला पूर्ण दिवस त्यांनी एकही बटण दाबलं नाही. डायवर स्प्रे मारल्यावर पाणी किती वेळात उडतं ते बघत राहिले. ओव्हरफ्लोमध्ये आलेला धातू तोडून त्याचा रंग बघितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनच गोष्टी बदलल्या. धातू ढकलणारा दट्ट्या (प्लंजर) हळू गतीवरून जलद गतीवर जातो तो बिंदू काही मिलिमीटर पुढे सरकवला, म्हणजे धातू साच्याच्या तोंडापाशी (गेटपाशी) पोचेपर्यंत दट्ट्याच्या नळीतली (स्लीव्हमधली) हवा पुढे ढकलली जाईल. आणि व्हेंटमध्ये साचलेली स्प्रेची पपडी दर पाळीला साफ करायला लावली, म्हणजे ती हवा बाहेर पडेल.

हे दोन्ही मुद्दे पुस्तकात आहेत. पण आमच्या डायवर, आमच्या स्प्रेमुळे, आमच्या पाळीच्या सवयींमुळे हवा कुठे अडते आहे, हे ओळखायला त्यांचीच नजर लागली. त्यांच्या शेजारी दोन पोरं उभी केली होती. त्यांच्यातला एक पुढे दुसऱ्या कंपनीत गेला आणि तिथला डाय-कास्टिंग विभाग सांभाळू लागला. आमच्या मालकाला तेव्हा वाईट वाटलं होतं. वाळूजच्या दृष्टीने मात्र ज्ञान एका शॉपमधून दोन शॉपमध्ये गेलं होतं.

दुसरं उदाहरण शेतीकडचं आहे, आणि तुम्ही जालन्याचे असल्याने तुमच्या डोळ्यांसमोरचंच आहे: रेशीम. आज बीड, जालना, परभणी या भागात तुतीच्या बागा आणि संगोपनाचे शेड दिसतात. या रेशमामागे फार लांबून आलेलं ज्ञान आहे. जपानमध्ये वर्षातून मोजक्याच पिढ्या घेणाऱ्या, चांगल्या धाग्याच्या दुबार जाती होत्या, पण त्या थंड हवामानाच्या. १९९१ पासून जपानच्या जायका संस्थेच्या मदतीने म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेत या जातींवर आपल्या हवेला सोसतील असे संकर तयार करण्याचं काम चाललं. सोबत व्ही-१ ही तुतीची जात, फांद्यांसकट पाला टाकण्याची पद्धत, चॉकी सेंटरवर लहान अळ्या वाढवून मगच शेतकऱ्याला देण्याची पद्धत, असं सगळं एकेक करून बसत गेलं. ते कर्नाटकात रुळलं आणि मग आपल्याकडे आलं.

पण आपल्याकडे ते नुसतं येऊन पडलं नाही. अळी कात टाकते तेव्हा ती खात नाही, डोकं वर करून स्तब्ध राहते. त्या वेळी बेड कोरडा राहावा म्हणून चुना धुरळतात आणि पाला बंद ठेवतात. शंभरातल्या जवळजवळ सगळ्या अळ्या कातीतून बाहेर आल्याशिवाय पाला टाकायचा नाही. घाई केली तर आधी उठलेल्या अळ्या पुढे जातात, मागच्या मागेच राहतात, आणि शेवटी चंद्रिकेवर (कोष विणण्याच्या जाळीवर) चढायच्या वेळी एकीचा कोष होतो तर दुसरी अजून पाला मागते. हे कर्नाटकात शिकून आलेला शेतकरी सांगू शकतो. पण आपल्या कोरड्या हवेत तुतीचा पाला कर्नाटकापेक्षा लवकर सुकतो, मार्च उलटला की शेडचं तापमान अळीला सोसत नाही. तेव्हा शेडची दिशा कोणती ठेवायची, बाहेरून शेडनेट किती अंतरावर लावायचं, पोती कधी भिजवायची, उन्हाळ्यातली बॅच घ्यायची की सोडायची, हे इथल्या शेतकऱ्यांनी इथेच ठरवलं. बाहेरच्या ज्ञानाला हे स्थानिक ठिगळ लागलं नसतं तर ते टिकलं नसतं.

आणखी एक. आधी आपले शेतकरी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरच्या बाजाराला जायचे. लांबचा प्रवास, खर्च, वाटेत कोष खराब होण्याची धास्ती, सगळं खरं. पण त्या बाजारात त्यांना कळत होतं की रीलर (कोषातून धागा काढणारा) कोणता कोष बाजूला काढतो: डबल कोष, डागी कोष, दाबला तर पोचट लागणारा कोष. २०१८ मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली तेव्हा कोष विकायला येणारे कितीतरी जण असा पारखी नजरेने निवडलेला माल घेऊन आले. गिऱ्हाईकाशी आलेला संबंध हीसुद्धा ज्ञान येण्याची वाट असते. धंदेवाईक प्रशिक्षणापेक्षा ती पुष्कळदा जास्त काम करते. तुमच्या गटाने हे नीट लक्षात घ्यावं.

बियाण्याचा धडा

तुम्ही बियाण्याला "जुना धंदा" म्हटलंय. जालन्याला बियाण्याचा धंदा कसा लाभला, हे आठवून पाहा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. हिंगोलीत जन्मलेले बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाण्याची कंपनी सुरू केली. सुरुवातीच्या कामात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा सावनी' ही भेंडीची जात होती. शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला ती त्या काळी दाद देत नव्हती. म्हणजे जात बाहेरची. त्याच सुमारास देशात ज्वारी-बाजरीचे संकर येत होते, आणि त्यांच्यातल्या माद्या अमेरिकेहून आलेल्या नरवंध्य (स्वतःचे पराग न धरणाऱ्या) वाणांच्या होत्या. एचबी-१ या बाजरीच्या संकरातली मादी अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनची होती. म्हणजे मूळ वाणही बाहेरचं.

मग जालन्याचं काय होतं? बियाणं तयार करणारी शेतं आणि शेतकरी. संकरित बियाणं म्हणजे नर-मादीच्या ओळी, विलगीकरणाचं अंतर, भेसळीची झाडं वेळीच उपटणं. कापसात तर संध्याकाळी फुलाचे परागकोष काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, एकेका फुलावर. या कामात गावोगावच्या बायकांचे हात तयार झाले. शिवाय कोरडवाहू शेतीत पीक वाचवायची इथल्या शेतकऱ्याची शिस्त आधीपासून होती. बारवाल्यांना १९९८ साली वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, ते बियाणं लाखो शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्यासाठी. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा त्यात महिकोचा सहभाग होता. बाहेरचा जनुक आला तरी तो ज्या संकरांत बसवला ते संकर तयार करायचं कसब इथे आधीच होतं. आता जालन्यात बियाण्याच्या इतर कंपन्या, प्रयोगशाळा, पॅकिंग, सगळं त्याच्याभोवती जमलंय. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार" म्हणतात. जालन्याच्या आडात काहीतरी होतं म्हणून बाहेरून आलेलं पाणी त्यात टिकलं.

आता तुमच्या यादीकडे

सेमीकंडक्टर सोडून द्या. चिप तयार करण्याचं काम तुमच्या हातातल्या कामापासून फार लांब आहे. वीज, अतिशुद्ध पाणी आणि धूळमुक्त जागा यांवरच एवढा पैसा जातो की तुमच्या गटाची वर्गणी त्यात कुठे दिसणारही नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये उतरायचंच असेल तर संभाजीनगरला देवगिरी इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर आहे. तिथे ज्यांचा जुना संबंध आहे त्यांनी ते काम करावं.

ईव्ही तुलनेने जवळ आहे. २०२४ मध्ये बिडकीनला टोयोटा किर्लोस्करचा कारखाना उभारण्यासाठी राज्य सरकारशी करार झाला, इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथरनेही तिथे येण्याचं जाहीर केलं. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचे भाग जातात, पण मोटरचं हाउसिंग, बॅटरीचा खोका, ब्रेक, सस्पेन्शन, पत्र्याचं काम राहतं किंवा वाढतं. मात्र यात वाळूजवाले तुमच्या पुढे आहेत. अॅल्युमिनियम डाय-कास्टिंगमध्ये तुम्ही शून्यापासून सुरुवात करणार आणि ते कितीतरी वर्षांच्या अनुभवावर उभे आहेत. त्यांच्याशी टक्कर घेण्यापेक्षा त्यांचे डाय आणि फिक्श्चर (काम पकडून ठेवणारे साचे) यांचं जड मशीनिंग तुमच्याकडे कसं येईल ते बघा.

तुमच्या गटाची खरी ताकद कशात आहे, ती आधी शांतपणे मांडून पाहिली पाहिजे. रोल टर्निंग, गिअर कटिंग, मिलचे स्टँड, पिनियन, कपलिंग, जड बेअरिंगची बसवणी. म्हणजे मोठं, जड, जोर सोसणारं यंत्रकाम. आणि गटातल्या दुसऱ्या बाजूला इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) आणि रोलिंग, म्हणजे पोलाद वितळवण्याचा अनुभव. या दोहोंच्या लगत काय आहे?

पोलादाच्या बाजूने बघितलं तर पुढची पायरी म्हणजे फोर्जिंगला (तापलेला धातू ठोकून आकार देण्याला) चालेल असं मिश्र पोलाद. वाळूजच्या फोर्जिंगवाल्यांना ते लागतं. अडतं कुठे, तर इंडक्शन फर्नेसमध्ये. आपल्याकडच्या सिलिकाच्या अस्तराच्या भट्टीत फॉस्फरस कमी होत नाही, आणि स्क्रॅप जसं येईल तसं पोलाद निघतं. बांधकामाच्या सळईला तेवढं चालून जातं, गाडीच्या धुरीला चालत नाही. मग लॅडल रिफायनिंग (वितळलेलं पोलाद भट्टीबाहेर पात्रात शुद्ध करणं) लागतं, स्क्रॅप निवडायची शिस्त लागते, आणि प्रत्येक हीटची (भट्टीच्या एका खेपेची) रासायनिक चाचणी वाचून निर्णय घेणारा धातुतज्ज्ञ लागतो. या तिन्हींमध्ये मशीन सगळ्यात सोपं, ते पैसे टाकले की येतं. धातुतज्ज्ञ अवघड. इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीची शाखा २०१८ पासून जालन्यात आहे. ती रसायनांची संस्था आहे, धातूची नाही, पण विश्लेषणाची शिस्त आणि उपकरणं वापरणारी मुलं तिथे तयार होतात. त्यांच्याशी बोलून पाहायला हरकत नाही.

यंत्रकामाच्या बाजूने बघितलं तर लातूरचा मराठवाडा रेल्वे कोच कारखाना. २०२० च्या डिसेंबरमध्ये तिथे पहिला कोचचा सांगाडा तयार झाला. २०२३ मध्ये वंदे भारत शयनयान गाड्यांसाठी जो करार झाला त्यात रशियाची एक कंपनी आणि आपली रेल विकास निगम आहे, आणि गाड्या लातूरच्या कारखान्यात बांधायच्या आहेत. रेल्वेच्या कामात तुमच्यासारख्यांची अडचण टर्निंगमध्ये नसते. ती असते वेल्डिंगमध्ये. रेल्वे वाहनाच्या वेल्डिंगला ईएन १५०८५ हे युरोपीय मानक लागू करतात. त्यात नुसता वेल्डर प्रमाणित असून चालत नाही, तर जोडाची जबाबदारी घेणारा वेल्डिंग समन्वयक कारखान्यात असावा लागतो. तोच नसल्याने चांगल्या वर्कशॉप कोटेशनच्या टप्प्यावरच बाद होतात.

म्हणजे तुमच्या गटाला एका आख्ख्या उद्योगापेक्षा जास्त गरज आहे ती एका धातुतज्ज्ञाची, एका वेल्डिंग समन्वयकाची आणि अल्ट्रासॉनिक तपासणी (ध्वनिलहरींनी धातूच्या आतले दोष शोधणं) करणाऱ्या दोन-तीन पोरांची. एवढी माणसं मिळाली तर तुम्हाला आज बंद असलेले बरेच दरवाजे ठोठावता येतात: रेल्वे, साखर कारखान्यांचे मिल रोलर, पवनचक्क्यांच्या गिअरबॉक्सची दुरुस्ती. मराठवाडाभर साखर कारखाने आहेत आणि त्यांच्या गिअर-रोलरची कामं बाहेर जातात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

करार, सल्लागार की पोरं

परदेशी कराराचं आज तुम्हाला काम नाही. करारातून ड्रॉइंग येतात, प्रमाणपत्र येतं, आणि ड्रॉइंग न समजणाऱ्या शॉपमध्ये ती कपाटात जातात. एका सामायिक सुविधा केंद्रात मी बाहेरून आणलेलं चाचणीचं मशीन नुसतं झाकून ठेवलेलं पाहिलंय, कारण ते शिकून आलेला एकच मुलगा नोकरी सोडून गेला होता आणि दुसरं कुणी शिकलेलंच नव्हतं. करार त्या टप्प्यावर करा जेव्हा तुमची माणसं समोरच्या अभियंत्याला अडचणीत टाकणारे प्रश्न विचारू शकतील.

सल्लागार उपयोगी पडतो, पण बोर्डरूममध्ये अहवाल देणारा नको. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना आपल्याकडे तोटा नाही. शॉपमध्ये पाळीला उभा राहणारा हवा, निवृत्त सेटर, निवृत्त फर्नेस मास्टर, रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेला वेल्डिंगचा माणूस. पुणे, भिलाई, जमशेदपूर, चेन्नईकडे असे लोक आहेत. त्यांना अहवालाचे पैसे देऊ नका, ठरलेल्या कामाचे द्या: अमुक रोलरच्या जोडाची चाचणी पास होईपर्यंत, अमुक हीटचं रसायन मर्यादेत येईपर्यंत. राहण्याची चांगली सोय करा, जेवणाची करा. घरापासून लांब, उन्हाळ्यात, शॉपमध्ये उभं राहायला तयार असलेल्या माणसाला मानाने वागवलं तर तो तीन महिन्यांसाठी येतो आणि वर्षभर फोनवर मदत करतो.

पोरं बाहेर पाठवणं, ही माझ्या मते तुमच्या पैशाची सगळ्यात चांगली जागा आहे. यावर तुमच्या गटातला आक्षेप मला माहीत आहे: "शिकवून पाठवायचं आणि मग तो पुण्याच्या कंपनीत जाणार." याचं सगळ्यात बोलकं उदाहरण बांगलादेशात आहे. तिथल्या देश गारमेंट्सने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १९७९ मध्ये १३० जणांना बुसानला शिकायला पाठवलं. ते शिकून परत आले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातले बहुतेक जण देश गारमेंट्स सोडून गेले, स्वतःचे कारखाने काढायला किंवा दुसऱ्यांचे चालवायला. ज्या कंपनीने पाठवलं तिला हा तोटाच वाटला असणार. पण बांगलादेशाचा तयार कपड्यांचा उद्योग त्यातूनच वाढला.

म्हणून हा खर्च एकट्या मालकाने करू नये, गटाने करावा. एका वर्कशॉपला जो तोटा वाटतो तोच गटाला नफा असतो, कारण शिकलेला पोरगा जालन्यातल्याच दुसऱ्या शॉपमध्ये गेला तर ज्ञान जालन्यातच राहिलं. पाठवताना दोन गोष्टी सांभाळा. एकट्याला कधी पाठवू नका, दोघं-तिघं पाठवा, वेगवेगळ्या शॉपमधले. आणि जे आधीच मशीनवर हात चालवतात त्यांना पाठवा, पदवीचा कागद बघून नको. टर्नरला दुसऱ्या टर्नरच्या शॉपमध्ये सोडलं की आठवड्यात त्याला फरक दिसतो. प्रशिक्षणासाठी फार लांब जायचीही गरज नाही. संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. तिथून सुरुवात करा आणि जे तिथे मिळत नाही तेवढ्यासाठीच बाहेर पाठवा.

बाहेर गेलेली आपली माणसंही विसरू नका. जालना, परभणी, लातूरच्या अभियांत्रिकीतून निघालेली लेकरं पुण्या-चेन्नईला मोठ्या कारखान्यांत काम करतात. त्यातल्या काहींना आईवडिलांसाठी परत यायचं असतं, पण परत येऊन करायचं काय हा प्रश्न असतो. त्यांना दोन्हीकडची भाषा कळते: तुमच्या शॉपची आणि गिऱ्हाईकाच्या क्वालिटी विभागाची. असा एक जरी वेल्डिंग किंवा मेटलर्जीचा माणूस गटाने पगार वाटून घेऊन आणला, तर परदेशी करारापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

एका गोष्टीत मात्र बाहेरच्या कंपनीला पर्याय नाही. २०१८ मध्ये फ्रँक नेफके आणि सहकाऱ्यांनी स्वीडनच्या प्रदेशांवरच्या अभ्यासात दाखवलं की जुने स्थानिक उद्योग प्रदेशाला सहसा आहे त्याच वाटेवर ठेवतात. वाट बदलणारं काम बाहेरून आलेल्या नव्या कारखान्यांकडून जास्त होतं. बजाज आल्याशिवाय वाळूज झालं नसतं, हे मान्यच करावं लागतं. मोठा कारखाना आणणं तुमच्या गटाच्या हातात नाही, ते सरकारचं काम. पण तो आला की त्याच्या पहिल्या वर्षी पुरवठादारांच्या यादीत शिरायला तयार असणं तुमच्या हातात आहे. त्या वेळी प्रमाणपत्र नसेल तर यादी पुण्याच्या पत्त्यांनी भरते आणि मग वर्षानुवर्षं तशीच राहते.

तुमच्या पुढच्या बैठकीआधी एवढं करा. प्रत्येक वर्कशॉपने गेल्या दोन वर्षांत कोटेशन देऊन न मिळालेल्या कामांची यादी आणावी, आणि प्रत्येकासमोर नाकारण्याचं कारण लिहावं: दर, प्रमाणपत्र, मापाची अचूकता, चाचणीची सोय, वेळ. ज्या कारणाची पुनरावृत्ती सगळ्यात जास्त, तिथे पैसा लावा. कारण "दर" निघालं तर बाहेरच्या ज्ञानाने फारसं काही होणार नाही, तिथे विजेचा आणि कच्च्या मालाचा हिशेब बघावा लागेल. वेल्डिंग किंवा चाचणी निघाली, तर माझ्या ओळखीत लातूर आणि पुण्याकडची दोन-तीन निवृत्त माणसं आहेत. यादी इथे टाका, त्यांच्यापैकी कोण कशाला उपयोगी पडेल ते बघून सांगतो.